सुरका नेसून दिल्लीला

इनास तांडेल दिल्लीला निघालाय, तोही विमानाने आणि सुरका नेसून, ही बातमी वसईच्या पाचूबंदरात पसरायला वेळ लागला नाही. उरलेल्या वेळात लोकांनी तिला तिखटमीठ लावलं. कोणी म्हणालं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. कोणी म्हणालं, विमानात चढूच देणार नाहीत, खाली वाळूवर उभा करून ठेवतील. विमानतळावर वाळू नसते हे सांगणारं तिथे कोणी नव्हतं, कारण विमानतळ आतून पाहिलेला माणूस गावात नव्हताच.

ज्याने किनारा पाहिला नाही त्याला सुरका म्हणजे काय ते सांगायला हवं. तो एक चौकटीचा मोठा रुमाल. कोळी तो कोनात दुमडून कमरेला असा बांधतो की पुढे त्रिकोण पडतो, मागचं टोक करगोट्यात घट्ट बसतं आणि दोन्ही मांड्या वाऱ्याला मोकळ्या राहतात. होडीवर पाण्यात उतरायचं, दोर ओढायचे, गुडघाभर चिखलात उभं राहायचं, तर याहून सोयीचं वस्त्र देवानेही निर्माण केलेलं नाही. फक्त ते होडीवर आणि बंदरावर शोभतं. बाजारात गेलं की बाहेरचे लोक तोंड फिरवतात, आणि इनासचं वय साठीला टेकलं तरी त्या तोंड फिरवण्याची त्याला सवय झाली नव्हती.

आता हा हट्ट त्याने का धरला ते सांगतो. पाचूबंदरचे लोक डोलीने मासळी धरतात. डोल म्हणजे समुद्रात खुंटे रोवून त्यांना बांधलेलं पिशवीसारखं, पण घराएवढं जाळं. ते जागचं हलत नाही. पाण्याच्या ओढीबरोबर बोंबील, जवळा, कोळंबी आपल्या पायाने आत येतात, आणि माणसाने वेळेवर जाऊन ते वर ओढायचं. गेली काही वर्षं मोठे ट्रॉलर किनाऱ्यालगत येऊ लागले होते. काळोखात ते आपलं जाळं ओढत जायचे आणि वाटेत आलेली डोल खुंट्यांसकट घेऊन जायचे. सकाळी होडी तिथे पोचली की पाण्यावर नुसत्या दोरांचे तुकडे. इनासच्या होडीवरचा बळीराम सगळ्या खलाशांत ताकदीचा. त्याने पोटाला चिमटा घेऊन स्वतःची डोल केली, ती गेली. कर्ज काढून दुसरी केली, तीही गेली. आता तो मिठागरावर टोपल्या उचलत होता आणि इनासला वाटेत भेटला की मान खाली घालत होता. ती खाली गेलेली मान इनासला त्याच्या गेलेल्या जाळ्यांपेक्षा जास्त लागायची.

ट्रॉलरांना किनाऱ्यापासून लांब ठेवायचं की नाही यावर दिल्लीत एक समिती बसली होती. तिच्यातले दोन साहेब ईस्टरनंतर मुंबईला आले आणि त्यांनी कोळ्यांना बोलावलं. इथेच गावाची चूक झाली, आणि ती चूक फक्त कोळीच करू शकतात. मोठ्या माणसाच्या दारी जायचं तर आमच्याकडे मोकळ्या गळ्याने जात नाहीत. मोकळा गळा म्हणजे घरात कोणी गेलं, आणि ते सुतक दुसऱ्याच्या उंबऱ्यावर नेणं म्हणजे त्याचा अपमान. म्हणून बायकांनी सणाची लुगडी काढली, गळ्यातल्या सोन्याच्या पोती आणि पाटल्या काढल्या, जिच्याकडे नव्हत्या तिने शेजारणीकडून मागून आणल्या. पुरुषांनी लग्नातले कोट चढवले. इनासने भर उन्हात लोकरीचा काळा कोट घातला होता आणि त्याच्या मानेवरून घामाच्या धारा लागल्या होत्या.

साहेबांनी त्या सोन्याकडे पाहिलं. मग एक साहेब दुसऱ्याला इंग्रजीत काहीतरी म्हणाला आणि दोघे हसले. साहेब हसले म्हणून इनासही हसला. पाहुण्याच्या हसण्यात हसावं, ही त्याची रीत. त्याच्या मागे सगळं गाव हसलं.

परत येताना तो गप्प गप्प बसलेल्या ॲन्सेल्म मास्तरांच्या मागे लागला. मास्तर मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. घर बागायतदारांचं, केळीच्या बागेतलं, पण गावाचे अर्ज लिहून द्यायला कधी कंटाळले नाहीत. साहेब काय बोलले ते सांगायची त्यांची इच्छा नव्हती. इनासने सोडलं नाही, तेव्हा त्यांनी सांगितलं. साहेब म्हणाला होता, या लोकांची जाळी फाटत असतील तर हे ती सोन्याच्या तारेने शिवत असतील.

त्या दिवसापासून इनास फारसा हसलेला कोणाला आठवत नाही. आपल्यावर केलेल्या विनोदाला आपणच दाद दिली, ही गोष्ट त्याच्या घशात काट्यासारखी अडकून बसली. पुढे कळलं की साहेबांनी आपल्या अहवालात लिहिलं, वसईकडच्या तक्रारी वाढवून सांगितलेल्या दिसतात.

मास्तरांनी अर्जावर अर्ज केले. फादरांनी वर ओळखीने शब्द टाकला. शेवटी नोव्हेंबरात समितीने एक संधी दिली, दिल्लीला येऊन एकाच माणसाने बोलावं, सोबत दुभाषा चालेल. तारीख नाताळनंतरची होती. गावाने वर्गणी केली, गाडीची चौकशी झाली, आणि अचानक तार आली की समितीचं काम लवकर आटोपायचं ठरलं आहे, सुनावणी उद्याच दुपारी. उद्या दुपारी दिल्लीला पोचवणारी गाडी अजून कोणी काढलेली नव्हती. इनासची बायको तेरेसा, तिचा भाऊ लुईस मुंबईला बंदरावरच्या एका कचेरीत होता. त्याने धावपळ करून सकाळच्या विमानाची दोन तिकिटं मिळवली आणि संध्याकाळी ती घेऊन धापा टाकत घरी आला. सोबत त्याने स्वतःची एक टेरिलीनची विजारही आणली होती.

इनासने तिकिटं घेतली आणि विजार परत केली.

"यावेळी मी जसा दर्यावर जातो तसा जानार," तो म्हणाला.

लुईसने कपाळाला हात लावला. शेजाऱ्यांनी आपापल्या परीने समजावलं. फादरांचा निरोप आला की देव माणसाचं मन पाहतो हे खरं, पण विमानवाले पाय पाहतील. दिवेलागणीपर्यंत वेगवेगळ्या मापाच्या विजारी ओटीवर येऊन पडल्या. एक तर शेजारच्या बॅप्टिस्टच्या नातवाच्या शाळेची होती, ती कोणी आणि काय विचार करून आणली देव जाणे.

तेरेसा इतका वेळ चुलीपाशी होती. लोक पांगल्यावर ती बाहेर आली. ती आरडाओरडा करेल अशी इनासची तयारी होती, आणि आरडाओरड्याला तोंड कसं द्यायचं ते त्याला लग्नापासून ठाऊक होतं. पण ती शांतपणे समोर बसली.

"तुमाला चढूच दिलं नाय तर?" तिने विचारलं. "मग गावासाठी बोलनार कोन? तुमचा हट्ट राहील आनि आमच्या डोली जातील."

तिने नेमकं तिथेच बोट ठेवलं होतं जिथे तो स्वतः दुपारपासून बोट ठेवत नव्हता. तो बराच वेळ ओटीच्या कडेला हात घासत राहिला.

"विजार घालून गेलो नि त्यांनी परत मना खोटा ठरवला," तो शेवटी म्हणाला, "तर मना वाटेल, मीच खोटा होऊन गेलतो. ते मना सोसनार नाय, तेरेज."

तिने सगळ्या विजारी गोळा केल्या, घड्या घातल्या आणि ज्याच्या त्याच्या घरी परत पाठवल्या. मग दोरीवरचा त्याचा रोजचा सुरका काढला. नवा होता तो नेसा, असं तिने एकदा म्हणून पाहिलं. त्याने नको म्हटल्यावर तिने तो जुना, खाऱ्या पाण्याने ताठलेला रुमाल नुसता झटकला. वर पांढरी बंडी, डोक्याला लाल टोपी. थंडीसाठी म्हणून एक स्वेटर तिने त्याच्या अंगावर अक्षरशः चढवला आणि त्याबाबत काही ऐकून घेतलं नाही.

सकाळी सांताक्रूझच्या विमानतळावर ॲन्सेल्म मास्तर कोट-टाय घालून आले होते आणि इनासपासून दोन हात अंतर ठेवून चालत होते. मास्तर भला माणूस होता. पण भल्या माणसालाही लाज वाटते, आणि तिथे प्रत्येक डोळा इनासच्या मांड्यांवर येऊन थांबत होता. एका बाईने मुलाचं तोंड दुसरीकडे वळवलं. इनासला हे सगळं दिसत होतं. होडी लाटेला सामोरी न्यायची असली की तो जसा नाकासमोर बघायचा, तसा तो बघत चालला होता.

तिकीट तपासणाऱ्या तरुणाने तिकीट पाहिलं, मग माणूस पाहिला, मग वाकून टेबलाच्या पलीकडचे पाय पाहिले. तो मराठीच होता. त्याने अदबीने सांगितलं की असं जाता येणार नाही, बाकीच्या प्रवाशांची तक्रार येईल, अंगभर कपडे हवेत. इनासने विचारलं, हे तिकिटावर कुठे लिहिलंय? तरुणाने तिकीट उलटंपालटं केलं आणि आपल्या वरिष्ठाला बोलावलं. वरिष्ठ आला. पोट सुटलेला, चेहऱ्यावर सकाळचा कंटाळा. त्याने तर तिकीट पाहिलंही नाही, सरळ बाजूला व्हायला सांगितलं.

तेव्हा मास्तर इनासच्या कानाशी आले आणि म्हणाले, माझ्या पिशवीत लुईसची विजार आहे. तेरेसाबाईंनी काल गुपचूप दिली. तिकडे आडोसा आहे, दोन मिनिटांचं काम.

इनासला राग आला नाही. त्याला एकदम तेरेसाची आठवण आली, आणि ती किती घाबरली असेल ते कळलं. विजार घालावी असं त्याला त्या क्षणी खरोखरच वाटलं. विमान सुटलं तर परत गावात कोणत्या तोंडाने जायचं? बळीरामसमोर मान खाली घालायची पाळी मग आपली. त्याचा हात पिशवीकडे गेलासुद्धा.

तेवढ्यात शेजारच्या रांगेतून एक उंच, तांबूस केसांचा गोरा गृहस्थ पुढे आला. वर काळा कोट, पायात गुडघ्याच्या खालपर्यंत मोजे, आणि कमरेला चौकटीचा घागरा. लाल-हिरव्या चौकटींचा, चुण्याचुण्यांचा, गुडघ्याच्या वर संपणारा. पुढे चामड्याचा बटवा लटकत होता. त्याचे गुडघे पाचूबंदरच्या मिठासारखे पांढरे होते. तिकीट तपासणाऱ्या तरुणाने त्याला हसून सुप्रभात म्हटलं, तिकीट फाडलं आणि त्याला वाट मोकळी करून दिली.

इनासचा हात पिशवीवरून खाली आला.

"त्याचे गुडघे दिसतात," तो वरिष्ठाला म्हणाला.

वरिष्ठ म्हणाला की ते स्कॉटलंडचे आहेत, तो त्यांचा किल्ट, त्यांच्या देशाचा पोशाख.

"नि हा आमचा. तो लांबून आला म्हनून त्याचा पोशाख, आनि मी हितला म्हनून माझं नागडेपन?"

आवाज चढलेला नव्हता. पण तो दर्यावर एका होडीवरून दुसऱ्या होडीला ऐकू जाईल असा घडलेला आवाज होता, आणि तो सगळ्या दालनात गेला. रांगेतले लोक वळले. तो गोरा गृहस्थही थांबला. काय चाललंय ते त्याला कळलं नसावं, पण आपल्या पायांचा काहीतरी संबंध आहे एवढं उमगून तो बिचारा मुकाट उभा राहिला, आणि त्याच्या गुडघ्यांनीच इनासची बाजू लावून धरली. वरिष्ठ एकदा त्या गुडघ्यांकडे आणि एकदा या गुडघ्यांकडे पाहू लागला. आता याला थांबवायचं तर त्यालाही थांबवायला हवं, आणि त्याला थांबवण्याची त्याच्या बापाची छाती नव्हती.

शेवटी त्याने तडजोड काढली. विमानात बसल्यावर पायांवर चादर घ्यावी.

"सगळ्यांना देता?" इनासने विचारलं.

मागेल त्याला देतो, तो म्हणाला.

"मग मना लागली तर मागेन."

वरिष्ठाने हात झटकला आणि तिकीट फाडलं.

विमानाच्या शिडीपाशी इनासने वहाणा काढून हातात घेतल्या. होडीवर पायताण घालून कोणी चढत नाही. पहिल्या पायरीला हात लावून त्याने क्रूसाची खूण केली आणि अनवाणी वर गेला. दारातल्या मुलीने वहाणा घालायला सांगितलं, तर त्याने तिला समजावून सांगितलं की चढताना नसतात, आत गेल्यावर बघू. मास्तर आता दोन हात अंतर ठेवत नव्हते. ते त्याच्या अगदी मागे, जवळजवळ त्याला चिकटून चालत होते.

तो गोरा गृहस्थ त्यांच्याच रांगेत, पलीकडच्या खुर्चीवर आला. इनासकडे बघून त्याने ओळखीचं स्मित केलं आणि मास्तरांना इंग्रजीत विचारलं, तुमचे मित्रही सणाला निघालेत का? आज त्याच्या लोकांच्या संताचा दिवस होता, दिल्लीत त्यांची मेजवानी होती, आणि तिथे सरळ पोचायचं म्हणून तो घरूनच तयार होऊन आला होता. एरवी तो हे नेसत नाही, फक्त सणाला आणि लग्नाला. संत कोणता, हे इनासने विचारायला लावलं. सेंट अँड्र्यू, येशूचा शिष्य, असं उत्तर आलं.

"आंद्रू? पेद्रूचा भाऊ?" इनास सरसावून बसला. "तो तर आमच्यातला. जाळीवाला."

मास्तरांनी ते सांगितल्यावर गोऱ्याने मान डोलावली आणि पुन्हा विचारलं, मग तुम्हीही सणालाच ना?

"नाय," इनास म्हणाला. "त्याला सांगा मास्तर, मी कामाला चाललोय. आमी सणाला कोट घालतो, कामाला हे. त्यांचं उलटं हाय."

विमान उठलं तेव्हा त्याने डोळे मिटले नाहीत, खुर्चीचा दांडा मात्र धरला. विमान समुद्रावरून वळलं आणि खाली खाडी दिसली, किल्ल्याची काळी रेघ दिसली, माडांचा पट्टा आणि त्याच्या टोकाला बोटाच्या नखाएवढं पाचूबंदर. होड्या दिसत होत्या की नाही याची त्याला खात्री नव्हती. या वस्तीत त्याचं घर होतं, चर्च होतं, बापाची कबर होती. एवढंसं गाव. हे पुसून टाकलं तर दिल्लीत बसलेल्या माणसाला कळणार तरी कसं? आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपलं गाव लहान वाटलं आणि त्याचे डोळे भरून आले. मास्तरांना त्याने सांगितलं की कानात दडे बसलेत.

पायांना गार हवा लागत होती. त्याने चादर मागितली नाही.

दिल्लीची कचेरी दगडी होती, उंच छताची, आणि आत बाहेरच्यापेक्षा जास्त गारठा होता. चपराशाने त्यांना बाकावर बसवलं. येणारे-जाणारे थांबून बघत होते. इनासच्या मांड्यांवर काटा आला होता आणि गुडघे एकमेकांवर आपटू बघत होते, ते त्याने हातांनी दाबून धरले. इतकी माणसं बघतायत तर साहेबही बघतील, आणि यावेळी काय बघायचं ते त्यांना कळेल, असं तो मनाशी म्हणत होता. त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप होता.

आत बोलावलं. लांबलचक टेबलामागे पाच-सहा साहेब. मुंबईला आलेल्या दोघांपैकी कोणी त्यांत नव्हतं. मधला साहेब वयस्क, जाड चष्म्याचा. सगळ्यांनी इनासला नीट पाहिलं, टोपीपासून अनवाणी पायांपर्यंत, कारण खोलीत शिरताना त्याने वहाणा बाहेरच काढल्या होत्या. चष्म्यामागचे डोळे जरा मवाळ झाले. काम होणार, असं इनासला वाटलं.

मग त्या साहेबाची नजर मास्तरांच्या हातातल्या पिशवीवर गेली. पिशवीच्या बंदाला विमानवाल्यांची रंगीत चिठ्ठी अजून लटकत होती. सकाळपासून ती काढायचं ना मास्तरांना सुचलं होतं ना इनासला. साहेबाने चष्मा वर सरकवला आणि शेजाऱ्याकडे झुकून इंग्रजीत एक वाक्य टाकलं. शेजारी हसला. मग पलीकडचा हसला. हसू टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलं.

इनासला इंग्रजी येत नव्हतं. पण ते हसू त्याने एकदा ऐकलेलं होतं.

"काय बोलले?" त्याने विचारलं.

मास्तरांचा चेहरा पडला होता. काही नाही, नंतर सांगतो, आधी आपलं म्हणणं मांडू, असं ते पुटपुटले.

"आताच सांगा, मास्तर. मागल्या वेळी नंतरच कळलं होतं."

मास्तरांनी खालच्या आवाजात सांगितलं. साहेब म्हणाले होते, मच्छीमार विमानाने हिंडायला लागले म्हणजे धंदा काही बुडालेला दिसत नाही.

इनास खुर्ची मागे सरकवून उभा राहिला. सगळं व्यर्थ गेलं होतं. लुईसची धावपळ, तेरेसाची भीती, विमानतळावर सगळ्या डोळ्यांसमोर उभं राहणं, काही म्हणजे काही उपयोगी पडलं नव्हतं. सोनं घालून गेले तर सोनं दिसलं, सुरका नेसून आला तर विमान दिसलं. उद्या रांगत आला असता तर म्हणाले असते, गुडघे किती मजबूत आहेत बघा. त्याला संताप आला, पण त्या संतापाच्या तळाशी एक गोष्ट लख्ख दिसली. यांना पटेल असा मच्छीमार दाखवायचा खेळ कितीही खेळला तरी तो यांच्याच हातात राहणार.

तो हसला नाही. ओरडलाही नाही. तो टेबलाजवळ गेला, इतका जवळ की त्याचा सुरका टेबलाच्या कडेला लागला.

"मास्तर, जसं बोलतो तसंच सांगा," तो म्हणाला. "साहेब, मुंबईला आमी सोनं घालून आलो, तर तुमची मानसं म्हनाली, यांना खायला कमी नाय. आज मी उघड्या पायांनी आलो. तुमची तार काल आली, सुनावनी आज, म्हनून विमानानं आलो. आता तुमीच सांगा. मी काय घालून आनि कशात बसून आलो तर माझं खरं वाटेल? तेवढं एकदा सांगा. ते घालून, त्यात बसून उद्या परत येतो. उद्या नाय तर परवा. तुमी दार लावाल तितक्यांदा येतो."

मास्तरांनी सांगितलं. सुरुवातीला त्यांचा आवाज कापत होता. शेवटच्या वाक्याला कापत नव्हता, उलट त्यात त्यांनी आपल्या पदरचा थोडा जोर घातला असावा, कारण पलीकडच्या साहेबाने दचकून वर पाहिलं.

वयस्क साहेबाचे कान लाल झाले होते. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग तार कधी पाठवली ते त्याने आपल्या कारकुनाला विचारलं, आणि कारकुनाने खाली मान घालून काल सकाळी असं सांगितलं. साहेबाने समोरचा छापील अहवाल बाजूला सारला आणि कोरा कागद पुढे ओढला.

त्याने इनासला बसायला सांगितलं. मग मोडक्यातोडक्या हिंदीत, मास्तरांना मध्ये न घेता, विचारलं, तुमचं जाळं कुठे होतं आणि ते कसं गेलं.

मुंबईपासून दिल्लीपर्यंत हा प्रश्न त्यांना कोणी विचारलेला नव्हता. इनासने मागे सरकवलेल्या खुर्चीकडे पाहिलं आणि मान हलवली.

"नको साहेब. डोल उभ्यानं ओढतात," तो म्हणाला, आणि थंडीने लटलटणाऱ्या पायांवर उभा राहून त्याने बळीरामच्या पहिल्या डोलीपासून सांगायला सुरुवात केली.